नवव्या पुस्तकाबद्दल सिस्टरांचं मत

पुस्तकात माझा फोन नंबर छापायला मी हो म्हटलं, ती चूक माझीच. प्रकाशकांनी विचारलं होतं, "वाचकांना तुमच्याशी बोलता येईल, मॅडम. छापू ना?" मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. आयुष्यातलं पहिलं पुस्तक निघत होतं. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीतल्या आमच्या घरी कुणी अनोळखी माणूस आपल्या अनुवादाबद्दल बोलायला फोन करील, ही कल्पनाच मला इतकी गोड वाटली की मी लगेच होकार दिला.

पुस्तकं इंग्लंडातली होती. सातशे वर्षांपूर्वीचं, नदीकाठचं एक बाजारगाव. तिथं एक विधवा राहते. गावातल्या मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालायची आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून द्यायचं, हे तिचं काम. धुताना तिला दिसतं की हा माणूस जसा मेला म्हणतात तसा मेलेला नाही. गळ्यावर बारीक वळ असतो, नखांखाली वेगळीच माती असते. मग ती शोधायला लागते. एकूण नऊ पुस्तकं. त्यांतली आठ मी मराठीत आणली.

फोन आले, आणि बरेच आले. पहिल्या पुस्तकात मी तिथल्या गावप्रमुखाला 'पाटील' म्हटलं होतं. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी अर्धा तास मला झापलं. "इंग्लंडात पाटील कुठून आला, बाई?" दुसऱ्या पुस्तकात मी तो शब्द काढला, तर एका आजोबांचा फोन. "तो पाटील कुठं गेला? मेला की काय मधल्या काळात? त्याच्यामुळं तर मला गाव समजलं होतं." 'राय' नावाचं एक धान्य तिथं पिकतं, त्याची भाकरी मी 'राईची भाकरी' अशी लिहून बसले. महिनाभर बायकांचे फोन येत होते की मोहरीची भाकरी थापतात कशी आणि ती कडू लागत नाही का. इंटरनेटवर एकानं पाचातला एक तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'पार्सल भिजलेलं आलं.' खुनी कोण ते मला पहिल्या वीस पानांतच कळलं होतं, असं सांगणारे तर किती भेटले त्याला गणती नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी एक सल्ला ठरलेला. "परक्यांचं कशाला करता? आपल्या शिवनेरीवर लिहा काहीतरी."

आमच्या ह्यांनी आठांपैकी एकही पुस्तक वाचलं नाही. एकदा जेवताना विचारलं मात्र.

"ती माणसं पीक काय घेतात गं?"

"जव, गहू."

"पाणी?"

"पावसाचंच."

"मग मरतीलच की," असं म्हणून ते टोमॅटोला औषध मारायला निघून गेले. सगळ्या अभिप्रायांत हा एकच मला मनापासून आवडला होता.

सुरुवातीला मी प्रत्येक मत वहीत लिहून ठेवायचे. चौथ्या पुस्तकापर्यंत ते बंद पडलं. पहाटे उठून दोन पानं करायची, मग स्वयंपाक, मग कॉलेज, संध्याकाळी पेपर. असं सलग इतकी वर्षं चाललं. पुढं पुढं फोन वाजला की आधी मी तो दोन-तीनदा नुसता वाजू द्यायचे. थकवा झोपून उठलं की जातो असं म्हणतात. माझा जात नव्हता. पुस्तकातली ती बाई गुडघ्यावर बसून थंडगार फरशीवर प्रेत पुसते आहे असं वाक्य आलं की माझेच गुडघे दुखायला लागायचे. आठवं पुस्तक मी कसं संपवलं ते मला आज आठवत नाही.

ह्या सगळ्यात सिस्टरांचा फोन वेगळा होता. पहिल्यांदा आला तो दुसरं पुस्तक निघाल्यावर.

"म्याडम, मी आणे गावावरनं बोलतीये. सरकारी नर्स व्हते. रिटायर झाले. तुमच्या पुस्तकात एक चूक हाय."

मी म्हटलं, "सांगा."

"तो कातडीवाला सकाळी दहिवरात मेलेला घावतो ना? आखडलेला? आन दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची बाई त्याचे हात सरळ करती, सहज. असं व्हत न्हाई. एवढ्या थंडीत आखडलेलं माणूस दोन दिस, कधी तीन दिस सैल पडत न्हाई. मी बघितल्यात."

"मूळ पुस्तकात तसंच आहे हो."

"मग मुळातच चूक हाय. तुमी दुरुस्त का न्हाई केली?"

अनुवादकानं मुळातलं प्रेत सैल करायचं की आखडलेलं ठेवायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक पुस्तक निघालं की पंधरवड्यानं त्यांचा फोन यायचा. त्यांचा पुतण्या आळेफाट्यावरून पुस्तक आणून द्यायचा. त्या खुनी कोण हे कधी बोलायच्या नाहीत. त्यांना त्यात रसच नव्हता. बाईनं पाणी कोमट घेतलं का थंड, कापड आधी पायाकडून गुंडाळलं का डोक्याकडून, पोरं जवळ असताना धुतलं का त्यांना बाहेर पाठवलं, ह्यावर त्या बोलायच्या. आंबेगावच्या डोंगरात, भीमाशंकरच्या अंगाला, एका उपकेंद्रावर त्यांची बरीच नोकरी झाली होती. तिथं बाळंतपणं त्यांनी केली आणि मयताचंही बघावं लागलं. मी त्यांना 'सिस्टर' म्हणायचे. भेट कधी झाली नव्हती.

मग प्रकाशकांचा निरोप आला. मालिकेला आता वाचक राहिले नाहीत, नववं पुस्तक काढत नाही. भाषा फार सभ्य होती. मी तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. निरोप वाचून मी पलंगावर आडवी झाले आणि दुपारभर झोपले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. सुटले असं वाटलं.

त्याला आणखी एक कारण होतं. नववं पुस्तक मी वाचलेलं होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नव्हतं. त्यात ती बाई म्हातारी झाली आहे. हात थरथरतात. गावातला एक गिरणीवाला म्हातारा मरतो. त्याला धुताना त्याच्या दंडावर तिला दातांचा एक जुना व्रण दिसतो, पहिल्या पुस्तकातल्या मेलेल्यानं झटापटीत चावल्याचा, आणि तिच्या लक्षात येतं की पहिल्या पुस्तकातला खून ह्यानं केला होता. पहिल्या पुस्तकात तिच्या शब्दावरून ज्या माणसाला फाशी दिली, तो निर्दोष होता. पुढं सगळं पुस्तक ती हे कुणाला सांगावं की न सांगावं ह्यात घालवते. शेवटी फासावर गेलेल्याच्या बायकोच्या दारात जाते आणि सांगते. ती बायको ऐकून घेते, काही बोलत नाही, बादली उचलते आणि गाईचं दूध काढायला जाते. पुस्तक संपलं.

इंग्रजी वाचकांची मतं मी इंटरनेटवर वाचली होती. लोक भयंकर चिडले होते. आठ पुस्तकं ज्या बाईवर विश्वास ठेवला तिलाच लेखिकेनं खोटं पाडलं, हा वाचकांचा विश्वासघात आहे, असं कुणी लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं की निदान फासावर गेलेल्याच्या बायकोनं क्षमा तरी करायला हवी होती, निदान शिवी तरी द्यायची. एका बाईनं नऊच्या नऊ पुस्तकं देऊन टाकली होती. मला त्या सगळ्यांचं पटलं होतं. इतकी वर्षं राबल्यावर हे हातात मिळायचं असेल, तर ते मराठीत न आलेलंच बरं.

'पुढचा भाग कधी?' असे फोन काही दिवस येत राहिले. "येणार नाही," असं मी सांगायचे. लोक हळहळायचे आणि फोन ठेवायचे. हळूहळू तेही थांबलं.

मार्गशीर्षात सिस्टरांचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"म्याडम, पुस्तक येणार न्हाई म्हनं."

"नाही येणार."

"आलं असतं तरी मला कुठं वाचता येनार व्हतं. साखरेनं डोळं गेलं. एकात थोडं उजेडाचं कळतं, बास. तुमी तेवढं सांगा, शेवटी बाईचं काय व्हतं?"

मी त्या दिवशी दळण टाकायला निघाले होते. पिशवी हातात होती. उभ्या उभ्याच मी दोन वाक्यांत सांगितलं. तिला कळतं की पहिल्या वेळी निर्दोष माणूस फाशी गेला, ती त्याच्या बायकोला जाऊन सांगते, संपलं.

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"असं न्हाई सांगायचं, म्याडम," त्या म्हणाल्या. रागानं नाही, फार सावकाश. "एवढी आठ पुस्तकं आमी वाचली. असं पिशवी हातात घेऊन सांगितल्यासारखं न्हाई सांगायचं."

पिशवीचं त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही. दळण टाकून आले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी इंग्रजी पुस्तक शबनममध्ये घातलं आणि आळेफाट्याची एसटी धरली. ह्यांना म्हटलं, आण्याला जाऊन येते.

"तिथल्या जत्रेची आमटी खायला? जत्रा कुठाय आत्ता?"

"एक बाई आहेत. त्यांना पुस्तक वाचून दाखवायचंय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "पाचच्या आत ये," एवढंच म्हणाले. आमच्याकडं पाचनंतर उसाच्या कडेनं चालत यायचं नाही, असा आता सगळ्यांचा नियम आहे. बिबट्यानं तो घालून दिला आहे.

आळेफाट्यावर नगरकडं जाणारी गाडी मिळाली. घाट चढून वर गेलं की एकदम सपाट होतं आणि वारा लागतो. खाली आमच्याकडं डोळ्यांसमोर सगळं हिरवं, आणि वर पठारावर ज्वारीची खुजी ताटं, बाकी माळ. सिस्टरांचं घर रस्त्यापासून फार लांब नव्हतं. पत्र्याच्या पडवीत त्या खुर्चीवर बसल्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठी बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. डोळे उघडे होते, पण माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडं बघत होते. पुतण्याची बायको आत चहा टाकायला गेली.

"आलात व्हय," त्या म्हणाल्या. "बसा. दम खा. मंग सुरू करा."

मला वाटलं होतं आधी डोळ्यांचं, औषधांचं, घरच्यांचं बोलणं होईल. पण मी चहा संपवला आणि त्यांनी हात मांडीवर जुळवून ठेवले. वर्गात बसलेल्या मुलीसारख्या.

इंग्रजी बघून मराठी बोलत जायचं, हे मी कधी केलं नव्हतं. लिहिताना शब्द शोधायला वेळ असतो. इथं समोर माणूस थांबलेलं. पहिल्या पानावर मी चारदा अडखळले. 'धुकं नदीवरून सरकत होतं' असं काहीतरी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "धुई म्हणा ना." मी धुई म्हटलं. थोड्या वेळानं मी आमच्या घरात बोलतो तसं बोलायला लागले, आणि वाचणं जरा सोपं झालं. गावप्रमुख आला तिथं मी बिनधास्त 'पाटील' म्हटलं. अडवायला तिथं कुणी नव्हतं.

त्या दिवशी तीन प्रकरणं झाली. घसा बसला. परत येताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून अशी झोपले की कंडक्टरनं नारायणगावला उठवलं.

त्यानंतर दर गुरुवारी मी जायला लागले. मला उत्साह होता असं कुणी समजू नये. दर बुधवारी मला वाटायचं की फोन करून सांगावं, बरं नाही. गुडघे खरंच दुखत होते. पण सिस्टर त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पडवीत सतरंजी टाकायला लावून, वाट बघत बसतात असं पुतण्याच्या बायकोनं, त्यांच्या सुनेनं, सांगितलं होतं. ते ऐकल्यावर न जाणं जमेना.

तिसऱ्या गुरुवारी मी एक लबाडी केली. पुस्तकाच्या मध्यावर, ती बाई सांगू की नको करत गावभर फिरते, ती लांबलचक प्रकरणं होती. तिथंच मी स्वतः वाचताना कंटाळले होते. मला वाटलं, सिस्टरांना तरी काय कळणार. एक पान वाचलं आणि पुढची काही पानं हळूच एकत्र उलटून सरळ पुढच्या प्रसंगावर गेले.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "किती उलटली?"

"काय?"

"पानं. जास्तीची उलटली. एका पानाचा आवाज येगळा असतो."

मला साठीच्या उंबऱ्यावर कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "त्यात काही घडत नाही हो, सिस्टर. ती नुसती फिरते. बाजारात जाते, चर्चमध्ये जाते, परत येते. सांगत नाही."

"तेच वाचा."

"कंटाळवाणं आहे."

"असू द्या. न सांगता कशी फिरती, तेच ऐकायचंय मला."

मी मागं गेले आणि सगळं वाचलं. ती बाई बाजारात मेणबत्त्या घेते, ते वाचलं. फासावर गेलेल्याची बायको समोरून येते तेव्हा ती दुसऱ्या गल्लीत वळते, ते वाचलं. सिस्टर हलल्या नाहीत. सुनेनं शेंगा भाजून आणून ठेवल्या, त्याही कुणी खाल्ल्या नाहीत.

पाचव्या गुरुवारी पुस्तक संपलं. बादली घेऊन फासावर गेलेल्याची बायको गोठ्याकडं जाते, तिथं मी थांबले.

"पुढं?"

"संपलं."

"एवढंच?"

"एवढंच." मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तिकडच्या लोकांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, तिनं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. माफ केलं असं तरी, नाहीतर चालती हो असं तरी. मलाही तसंच वाटतं."

"काय बोलंल ती?" सिस्टर म्हणाल्या. "धारंची येळ झाली व्हती. गाय काय थांबती का? बरोबर लिव्हलंय." मग जरा थांबून, "आठ पुस्तकांत मी एवढ्या चुका काढल्या. ह्यात एकबी न्हाई."

मी पुस्तक मिटलं. दुपारचे तीन वाजत आले होते आणि माझं लक्ष परतीच्या गाडीकडं होतं. त्यांनी सुनेला हाक मारून दुकानातून साबण आणायला पाठवलं. घरात साबण होता, मी हात धुताना पाहिला होता.

"मी उपकेंद्रावर नवी व्हते," त्या म्हणाल्या. "तिथं एक म्हातारी सुईण व्हती. त्या सगळ्या वाड्यांची बाळंतपणं तीच करायची. मला ती आवडायची न्हाई. माझं शिक्षण झालेलं, कडक इस्त्रीचं पातळ, आन बाया मात्र तिलाच बोलवायच्या. एका पावसाळ्यात एक पोरगी बाळंतपणात गेली. पयलीच खेप. मी पोचले तवर संपलं व्हतं. डाक्टरसायेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हनले, सुईणीनं घाण इळ्यानं नाळ कापली, त्यानं झालं."

"तसं झालं नव्हतं?"

"न्हाई. ती पोरगी रगत जाऊन मेली. नाळंचा काय संबंध न्हाई त्यात. इळा मी बघितलाबी न्हवता." त्यांनी हात मांडीवरच ठेवले होते. "आन मला निरोप आदल्या दिशी सांजचाच आला व्हता. पाऊस लई व्हता, वढ्याला पानी व्हतं. मी म्हनले, सकाळी बघू. ते मी सायबांना सांगितलं न्हाई."

मी पुस्तक शबनममध्ये ठेवलं.

"त्यानंतर तिला कुणी बोलवेना. मला बोलवायला लागले. चांगलं काम केलं मी, म्याडम. लई पोरं जगली माझ्या हातनं. पण ती म्हातारी रस्त्यात दिसली की मी दुसरीकडनं जायाची. तुमच्या बाईसारखीच. चार-पाच वर्सांनी मेली ती. तिच्या मयताला गेले न्हाई."

सून साबण घेऊन आली. सिस्टर तिला म्हणाल्या, "आन चहा टाक गं," आणि मग माझ्याकडं तोंड करून, "तिची लेक असंल अजून. त्याच वाडीत दिलेली व्हती. तुमी याल का माझ्यासंगं?"

मला नको होतं. हे मी लपवत नाही. मी पुस्तक वाचून दाखवायला आले होते, आणि तेही संपलं होतं. आण्यापासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत म्हणजे दोन तालुके ओलांडून जायचं, एका आंधळ्या बाईला घेऊन, कशासाठी तर पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका वाक्यासाठी. पण ह्या बाईनं मला पानं उलटू दिली नव्हती. मी हो म्हटलं.

होळी झाल्यावर गेलो. पुतण्यानं गाडी काढली. मला नारायणगावला घेतलं, मंचरवरून घोडेगाव, मग धरणाच्या कडेकडेनं वर. रस्त्यावर भीमाशंकरला निघालेल्या भाविकांच्या गाड्या होत्या. सिस्टर खिडकीपाशी बसून विचारत होत्या, "आता डाव्या हाताला पानी दिसतं का? आता चिंच आली का?" चिंच नव्हती. तिथं हॉटेल झालं होतं. पुतण्या म्हणाला, "काकू, समदं बदललंय."

वाडीत सुईणीची लेक सापडायला वेळ लागला नाही. तीही सत्तरीची होती. बुटकी, चपळ. भाताच्या रिकाम्या खाचराकडेला लाकडं रचत होती. आम्हाला बघून तिला वाटलं आम्ही देवदर्शनाला आलो आहोत आणि वाट चुकलो. सिस्टरांनी स्वतःची ओळख सांगितली. ती एकदम हसली.

"नर्सबाई! माझी तिन्ही तुमीच केली की! या, बसा. डोळ्याला काय झालं?"

आम्ही ओट्यावर बसलो. सिस्टरांनी सांगितलं. मला पडवीत सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं, काही कमी-जास्त न करता. निरोप सांजेला आला होता हेही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, पण उजवा हात माझ्या दंडावर होता आणि बोटं रुतत होती.

लेक ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं दोनदा अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. झाल्यावर म्हणाली, "म्हातारीला तसंबी दिसत न्हवतं शेवटी. काम सोडायचंच व्हतं तिला." आणि उठून आत गेली.

आम्ही बसून राहिलो. आत भांड्यांचा आवाज येत होता. पुतण्या गाडीपाशी फोनला रेंज शोधत होता. बऱ्याच वेळानं ती तांदळाच्या भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा घेऊन आली. वाढलं. रस्त्याचं बोलली, नातू घोडेगावला कामाला असल्याचं बोलली, पावसात छपराचा पत्रा उडाला त्याचं बोलली. आईचं नाव पुन्हा निघालं नाही. निघताना तिनं सिस्टरांचा हात धरून त्यांना ओट्याच्या पायऱ्या उतरवल्या. "सावकाश," एवढं म्हणाली.

गाडी खाली उतरायला लागल्यावर मी विचारलं, "बरं वाटलं का, सिस्टर?"

"काय कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं मला सोडलं का धरलं, काय कळलं न्हाई. भाकरी चांगली व्हती."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "म्हातारीला दिसत न्हवतं म्हनं. मला म्हाईत न्हवतं ते." मला पाठ टेकायची होती, दुसरं काही नको होतं.

वैशाखात मी प्रकाशकांना एक पत्र लिहिलं. सिस्टरांचं मत त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवलं, की नऊ पुस्तकांत हे एकच बिनचूक आहे. त्यांचं सभ्य उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल आभार, परंतु आमचा निर्णय कायम आहे. ते वाचून ह्यावेळी मात्र मला झोप लागली नाही. दुपारी उठून मी कोरी वही काढली आणि पहिलं पान लिहून बघितलं. 'धुई' हा शब्द आला आणि पुढं जमेना. पडवीत बोलताना जे सहज होत होतं, ते कागदावर उतरत नव्हतं. वही कपाटात आहे. पुढं लिहीन की नाही, सांगता येत नाही. हात लवकर दुखतो.

सिस्टर महिन्यातून एकदा फोन करतात. पुस्तकाचं बोलत नाहीत. ज्वारी किती झाली, टँकर आला का नाही, डोळ्याच्या डॉक्टरनं काय सांगितलं, असं बोलतो. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "गुडघ्याला काय लावता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यानं काही होत नाही, आणि दुसरं तेल सांगितलं. मी ते आणलं आहे.